बॉयलरची राख आणि घराची भिंत

दिवाळीच्या मागेपुढे बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उन्हाळा चढेपर्यंत धगधगत राहतात. माझ्या आजोळच्या गावापासून एक कारखाना दीड-दोन मैलांवर होता, आणि वारा आमच्या दिशेने फिरला की फाल्गुनात माळवदावर वाळत घातलेल्या कुरडयांवर काळ्या राखेचा थर बसे. आजी ती राख फडक्याने झटकत असे आणि गावकरी दरवर्षी तक्रारीचा अर्ज देत असत. पुढे चिमणीला राख अडवणारी यंत्रणा बसली आणि हवेतून येणारी राख पुष्कळ कमी झाली, पण राख तयार होण्याचे काही थांबले नाही. आज ती ओली होऊन कारखान्यामागच्या खड्ड्यात किंवा पडीक जमिनीवरच्या ढिगात जाते. त्याच महिन्यांत, चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, गोकाकच्या त्याच गावांत पाऊस नसल्यामुळे घरे बांधली जातात, गटारी होतात, गल्ल्यांत पेव्हर ब्लॉक बसतात, आणि त्यासाठी लागणारे सिमेंट बागलकोट आणि कलबुर्गीच्या चुनखडीच्या पट्ट्यातून ट्रकमागून ट्रक येत राहते. ही राख आणि ही बांधकामे यांची सांगड घातली पाहिजे आणि तिची सुरुवात सरकारी कामांच्या दरसूचीतून झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला एक अट मात्र मी पहिल्यापासून जोडतो: भिंतीत जावी ती केवळ आधीच जळून गेलेल्या वस्तूची राख. शेताला किंवा गुरांना लागणारी कोणतीही वस्तू सिमेंटच्या नावाने उचलली जाऊ नये.

सिमेंट कमी का वापरायचे, हे आधी नीट समजून घ्यावे लागते, कारण पुष्कळांची समजूत अशी की दोष फक्त भट्टीतल्या कोळशाचा आहे. चुनखडी आणि माती सुमारे 1,450 अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर तयार होते, ते थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट होते. आता चुनखडीचे रसायनच असे आहे की शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली तर 56 किलो चुना हाती लागतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी कोळशाऐवजी उद्या दुसऱ्या कशावर चालवली तरी हे 44 किलो चुकत नाहीत. जगभरात माणसाच्या उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे तो मुख्यतः यामुळे. भारत सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आहे आणि आपले वार्षिक उत्पादन 40 कोटी टनांच्या पुढे गेले आहे. घरे बांधणे थांबवा, असे पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाला कोणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. तेव्हा हाती उरणारा मार्ग म्हणजे प्रत्येक पोत्यातील क्लिंकर कमी करून त्याची जागा तितकेच काम करणाऱ्या दुसऱ्या पदार्थाला देणे.

असा पदार्थ वापरणे आपल्याकडे नवे नाही. भाजलेल्या विटांचा चुरा म्हणजे सुरखी. ती चुन्यात मिसळून आपल्या लोकांनी विहिरी, तळी, पूल आणि बंधारे बांधले, आणि याच कर्नाटकात कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण सुरखीच्या चुन्यात उभे राहिले. रोमन लोक इटलीतल्या पोझुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत; त्या गावावरून अशा पदार्थांना पॉझोलाना हे नाव पडले. या सर्वांमागचे तत्त्व एकच. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होते तेव्हा त्यातून विरलेल्या चुन्यासारखा एक भाग मोकळा सुटतो आणि तो बळकटीच्या दृष्टीने जवळजवळ वाया जातो. बारीक, स्फटिक न झालेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) त्या चुन्याशी संयोग पावली की सिमेंटमधला मूळ चिकट बंधच आणखी तयार होतो आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रे भरून येतात. सिलिका विटेच्या चुऱ्यातून आली की उसाच्या राखेतून, हे चुन्याच्या दृष्टीने सारखेच आहे.

आपल्या जिल्ह्यात ही सिलिका दोन पिकांतून निघते. पहिले पीक भात. खानापूर तालुका, येळ्ळूर आणि वडगावचे शिवार हे आपले भाताचे भाग. गिरणीत 1,000 किलो भात भरडला की सुमारे 200 किलो तूस निघतो आणि तो जाळला की सुमारे 40 किलो राख उरते. या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. इतकी सिलिका देणारे दुसरे पीक सापडणे कठीण. 1970 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक पी. कुमार मेहता यांनी तुसाच्या राखेवर मूलभूत काम केले, आणि आपल्या काँक्रीटच्या राष्ट्रीय मानकात, आयएस 456:2000 मध्ये, ती खनिज पूरक म्हणून नावानिशी आलेली आहे. म्हणजे या राखेला मान्यता नाही, असे कोणी कंत्राटदार सांगू लागला तर ते खरे नाही. मानकाची अट एवढीच आहे की राखेचा गुण आणि सारखेपणा तपासलेला असावा आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची संमती असावी.

ही अट मला योग्य वाटते, कारण तुसाची राख फार लहरी असते. तूस साधारण 500 ते 700 अंशांच्या दरम्यान जळला तर सिलिका हवी तशी, अस्फटिक राहते. आच त्याहून फार वाढली आणि तशीच राहिली तर ती स्फटिक होते, चुन्याशी जुळत नाही, आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. आच कमी पडली, जसे चुरमुऱ्याच्या भट्टीमागे पेटवलेल्या ढिगात होते, तर राखेत न जळलेला कोळसा राहतो आणि ती काळी पडते. शिवाय हिचे कण इतके सच्छिद्र असतात की ते फार पाणी पितात, आणि काम सोपे व्हावे म्हणून मेस्त्रीने आणखी पाणी ओतले की मिळालेली सगळी बळकटी तिथेच संपते.

दुसरे पीक ऊस. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे 28 ते 32 टक्के बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, निघतो, त्यात निम्मे पाणी असते, आणि तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना वाफ आणि वीज करतो. शेवटी उरणारी राख उसाच्या वजनाच्या एका टक्क्याहूनही कमी, ढोबळमानाने 0.6 टक्के असते. तुसाच्या राखेइतकी सिलिका तिच्यात नसते आणि न जळलेले लांबट तंतू असतात. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी यावर दाखवलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो, कारण तो कोणत्याही तालुक्यात करता येण्याजोगा आहे: राख वाळवायची, 300 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची म्हणजे तंतू वर राहतात, आणि खाली आलेली राख सिमेंटइतकी बारीक दळायची. अशी राख सिमेंटच्या 20 टक्क्यांपर्यंत चांगले काम देते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. त्यासाठी नवी भट्टी लागत नाही. चाळणी, दळण्याची चक्की आणि पाऊस लागणार नाही अशी शेड एवढे पुरते.

आता आकडे मोठे करून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. एका हंगामात 10 लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यातून सुमारे 6 हजार टन राख निघेल. ती 20 टक्के प्रमाणात घातली तर 30 हजार टन, म्हणजे 50 किलोच्या 6 लाख पोत्यांइतके मिश्र सिमेंट होईल. एका तालुक्याच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही, आणि जिल्ह्यात वीसहून अधिक कारखाने आहेत. पण देशभरातील सगळ्या उसाची राख एकत्र केली तरी ती देशाच्या सिमेंट उत्पादनाच्या एका टक्क्याच्या आतच राहील. जे लोक या राखेने सिमेंट उद्योगच बदलून जाईल असे सांगतात, त्यांनी हे गणित मांडलेले नसते. हलकी आणि फुसफुशीत राख दोनशे किलोमीटर वाहून नेण्यात डिझेल जळते आणि फायदा तिथेच आटतो, म्हणून ही वस्तू जिथे निघते तिथेच वापरण्याची आहे. मोठ्या सिमेंट कंपन्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा तालुक्यातील ब्लॉकच्या कारखानदाराकडे पाहावे, असे मी म्हणतो ते याच हिशेबाने.

याच ओघात ‘कृषी कचरा’ या शब्दाबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते. हा शब्द शहरातून आला आहे. शेतकऱ्याच्या घरी कडबा कचरा नसतो, भाताचे काड कचरा नसते; ते जनावराच्या पुढ्यात जाते, गोठ्यात पसरले जाते किंवा उकिरड्यात कुजून पुन्हा रानात जाते. उसाचे पाचट आजही अनेक ठिकाणी पेटवले जाते हे खरे, परंतु ते जाळण्याऐवजी सिमेंटसाठी गोळा करा असा सल्ला देणे चुकीचे आहे, कारण पाचट सरीत ठेवले तर ओल टिकते, तण दबते आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. आपल्या नदीकाठच्या ऊसरानांना पाणी आणि खत यांच्या अतिरेकाने आधीच क्षारपडीने ग्रासले आहे, तिथे कर्बाचा एक कणही बाहेर पाठवणे परवडणारे नाही. गुऱ्हाळाच्या चुलवणातली राख शेतकरी शेतातच टाकतो, ती तिथेच राहावी. आसवनीतील स्पेंटवॉश, म्हणजे मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, जाळणाऱ्या बॉयलरची राख तर पोटॅशने भरलेली असते. ती खत म्हणून उत्तम आहे आणि काँक्रीटमध्ये मात्र त्रासदायक, कारण तिच्यातले क्षार काही जातींच्या खडीशी अभिक्रिया करून पुढे भेगा पाडू शकतात. कच्चा बगॅस तंतू म्हणून थेट सिमेंटमध्ये घालण्याचा उत्साहही आवरलेला बरा, कारण त्यात राहिलेला साखरेचा अंश सिमेंटला वेळेवर धरू देत नाही.

खानावळी आणि हॉटेलांतल्या उरलेल्या वस्तूंवरही हल्ली पुष्कळ लिहिले जाते. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठात कॉफीचा चोथा हवेविना 350 अंशांना भाजून वाळूच्या 15 टक्के जागी घातला तेव्हा काँक्रीटची ताकद सुमारे 30 टक्क्यांनी वाढली, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधन म्हणून ते महत्त्वाचे आहे, पण बेळगावात कॉफीचा चोथा किती निघणार? अंड्याचे कवच बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. ते दळून भर म्हणून घालता येते, भाजून चुना केला तर चुनखडीसारखाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

सर्वांत गंभीर आक्षेप घराच्या सुरक्षिततेचा आहे आणि त्याला घाईने उत्तर देणे योग्य नाही. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय यांच्या काठची मातीची घरे हजारोंनी कोसळली. ज्याने आपली भिंत पाण्यात विरघळताना पाहिली आहे, त्याला सिमेंटच्या पोत्यात इज्जत आणि जीव दोन्ही दिसतात, आणि त्याच्या घरात राख घाला असे सांगितल्यावर तो चिडला तर त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून माझा आग्रह असा की कोणाच्याही स्लॅबमध्ये, कॉलममध्ये किंवा बीममध्ये ही राख पहिल्या काही वर्षांत जाऊ नये. ती जावी पेव्हर ब्लॉकमध्ये, कंपाउंडच्या ब्लॉकमध्ये, गटारीच्या कडेत, पायाखालच्या कोब्यात आणि गिलाव्यात. तिथे पाच-सहा पावसाळे काढल्यानंतर पुढचा विचार करता येईल. खानापूरच्या पश्चिमेकडच्या पावसात टिकलेला ब्लॉक हा कोणत्याही प्रयोगशाळेच्या दाखल्याइतकाच बोलका असेल.

दुसरी एक गोष्ट मेस्त्री लोकांपर्यंत पोहोचणे फार जरूर आहे. दुकानात मिळणारे पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट, आधीच मिश्र असते. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख 15 ते 35 टक्के असू शकते. त्या सिमेंटमध्ये बांधकामाच्या जागी अंदाजाने आणखी दोन घमेली राख टाकणे म्हणजे घराशी खेळणे आहे. राख मिसळायची ती ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये, वजन करून, ब्लॉकच्या कारखान्यातच. प्रत्येक खेपेतून नमुना घेऊन राख पुन्हा लाल होईपर्यंत तापवायची आणि वजनातली घट पाहायची, म्हणजे न जळलेला कोळसा किती हे समजते. ब्लॉक 7 आणि 28 दिवसांनी दाबून ताकद तपासायची. हंगामाबाहेर किंवा बगॅस कमी पडल्यावर कारखान्याने बॉयलरमध्ये कोळसा घातला असेल तर ती राख वेगळी ठेवायची. या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावला आहे, एस. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावलाच आहे, आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत काँक्रीट दाबून पाहण्याची यंत्रे आहेत. शेवटच्या वर्षाची मुले दरवर्षी राखेवर प्रकल्प करतात, वह्या बांधून कपाटात जातात आणि पुढच्या वर्षीची मुले तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करतात. त्या मुलांना जिल्ह्यातील एकेका कारखान्याची राख वाटून दिली आणि निकाल एकाच नोंदवहीत ठेवले, तर तीन वर्षांत आपल्याकडे अशी माहिती जमेल की जिच्यावर अभियंता निर्धास्तपणे सही करू शकेल.

कारण प्रश्न शेवटी त्या सहीपाशी येऊन थांबतो. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा इतिहास इथे उपयोगी पडतो. ती राखही कित्येक वर्षे तलावांत साचत होती आणि तिचे गुण अभियंत्यांना ठाऊक होते, तरी ती भिंतीत येण्याला वेग आला तो केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 1999 रोजी अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या परिसरातील विटा आणि बांधकाम साहित्यात तिचा वापर बंधनकारक केल्यानंतर. नुसत्या शहाणपणाच्या गोष्टींनी ते झाले नव्हते. उसाच्या राखेला असा आधार नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत जी वस्तू नाही ती ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात येत नाही, अंदाजपत्रकात नाही ती निविदेत येत नाही, आणि कनिष्ठ अभियंत्याने स्वतःच्या हिमतीवर ती वापरलीच तर लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावे लागते. अशा माणसाकडून धाडसाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. राख मिसळलेल्या पेव्हर ब्लॉकची एक बाब दरसूचीत घातली आणि साखर कारखान्यापासून ठरावीक अंतरातील गटारी आणि फुटपाथ यांच्यासाठी तिला प्राधान्य दिले, तर ब्लॉकवाले चक्की आणि शेड आपणहून घालतील.

खानापूरच्या कौलांचा विषयही याच दरसूचीत यायला हवा. तिथली तांबडी माती, कौलांच्या भट्ट्या आणि खादी आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्था यांमुळे माती भाजण्याचे ज्ञान त्या तालुक्यात मुरलेले आहे. सिमेंटमधील निम्मे क्लिंकर कमी करून भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी घालणाऱ्या एलसी3 सिमेंटला भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये मानक दिले. खानापूरची माती त्याला किती योग्य ठरेल हे तपासूनच सांगता येईल, पण ती तपासण्यासाठी कोणी तिथपर्यंत गेले पाहिजे, आणि फुटक्या कौलांची सुरखी तर आजही करता येते.

राखेला मागणी आली की तिला भाव येईल, आणि आज डोकेदुखी म्हणून फुकट देणारा कारखाना उद्या ती विकू लागेल. त्यात गैर काही नाही, मात्र त्या पैशात ऊस उत्पादकाचा वाटा असला पाहिजे. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील 70 टक्के शेतकऱ्याला द्यावेत असे सुचवले आणि त्यात बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) उपपदार्थ म्हणून धरले. राख ही त्याच बगॅसची शेवटची अवस्था आहे. दर हंगामात दरासाठी रस्त्यावर बसावे लागणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर ती ओळ आधीच असावी; नंतर ती घालून घेण्यासाठी पुन्हा आंदोलन करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. तसेच राख चाळणाऱ्या आणि दळणाऱ्या मजुराच्या नाकातोंडावर नुसता रुमाल न राहता योग्य मास्क असावा आणि चक्की बंदिस्त असावी. राख ओल्या ढिगातून कोरडी होऊन उडू लागली म्हणजे आजीच्या कुरडयांवर पडणारी राख मजुराच्या छातीत गेली, एवढाच फरक होईल.

सीमाभागात हे काम करताना एक व्यावहारिक अडचण येते, तिचाही विचार आधीच व्हावा. इथला ऊस कोल्हापूर-सांगलीकडे जातो, तिकडचा इकडे येतो, गवंडी आणि मेस्त्री दोन्हीकडून कामाला येतात, आणि एकाच बांधकामावर मराठी आणि कन्नड बोलणारे हात असतात. पॉझोलाना असलेले मिश्रण सावकाश ताकद धरते. साध्या सिमेंटच्या कामावर किमान 7 दिवस पाणी मारायचे असेल तर अशा कामावर किमान 10 दिवस मारावे, असे मानक सांगते, आणि उन्हाळ्यात 14 दिवस मारणे बरे. हे न पाळल्यामुळे एका गावातले ब्लॉक भुगा झाले तर त्याचा दोष राखेवर येईल आणि पुढची दहा वर्षे तिचे कोणी नाव काढणार नाही. म्हणून ब्लॉकच्या प्रत्येक पावतीवर, राखमिश्रित सिमेंटच्या प्रत्येक पोत्यावर आणि ग्रामपंचायतीच्या कामाच्या फलकावर राखेचे प्रमाण, ती कोणत्या कारखान्याची, आणि किती दिवस पाणी मारायचे, ही तीन वाक्ये कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत, कामावरच्या माणसाला हातभर अंतरावरून वाचता येतील एवढ्या ठळक अक्षरांत छापलेली असावीत.